महाराष्ट्रातील योगशिक्षकांचे प्रमाणीकरण आणि पद्धतीतील बदलांचा वाद

योगशिक्षकांचे प्रमाणीकरण म्हणजे योग शिकविणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान व अध्यापनकौशल्य एखाद्या संस्थेने, विद्यापीठाने किंवा शासनमान्य मंडळाने परीक्षेद्वारे तपासून त्याचा लेखी दाखला देणे होय. औपचारिक प्रमाणपत्र नसलेल्या शिक्षकाने आसने, प्राणायाम वा शुद्धिक्रिया यांच्या परंपरागत पद्धतीत फेरबदल करावेत की नाही, याविषयी योगक्षेत्रात मतभेद आहेत. आधुनिक योगाच्या जडणघडणीत मुंबई, लोणावळा, पुणे, औंध, नागपूर व नाशिक या ठिकाणच्या व्यक्ती आणि संस्थांचा मोठा वाटा असल्याने महाराष्ट्रात या वादाला विशेष महत्त्व आहे.

या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आलेले दिसतात. शिकविलेली पद्धती परंपरेला धरून आहे काय, हा पहिला प्रश्न. ती शिकणाऱ्याच्या शरीराला सुरक्षित आहे काय, हा दुसरा; आणि ती विशिष्ट गुरूच्या वा संस्थेच्या नावाने शिकविण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय, हा तिसरा. एकाच प्रमाणपत्राने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात असे नाही.

ग्रंथ आणि गुरुपरंपरा

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी केवळ तीन सूत्रे आहेत. त्यांत स्थिरता व सुख ही आसनाची लक्षणे सांगितली आहेत. विशिष्ट आसनांची नावे वा कृती तेथे नाहीत. आसनांचे तपशीलवार वर्णन हठयोगाच्या ग्रंथांत आढळते. स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेत (साधारण १५ वे शतक) १५ आसनांचे, तर त्यानंतरच्या घेरंडसंहितेत ३२ आसनांचे वर्णन आहे. आसनांची संख्या, त्यांचा क्रम व कृतींचे तपशील यांत या ग्रंथांमध्ये एकवाक्यता नाही. त्यामुळे ‘परंपरागत पद्धती’ असे म्हणताना कोणता ग्रंथ वा कोणती गुरुपरंपरा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करावे लागते.

ग्रंथांत कृतींचे वर्णन संक्षिप्त आहे, कारण उर्वरित भाग गुरूने प्रत्यक्ष शिकवावा अशी अपेक्षा होती. हठप्रदीपिका ही विद्या गुप्त राखण्यास सांगते. प्राणायाम अयोग्य रीतीने केल्यास रोग उद्भवतात आणि वन्य पशूला जसे हळूहळू वश करावे लागते तसे प्राणावर क्रमाक्रमाने नियंत्रण मिळवावे, असा इशाराही त्यात आहे. शिकणाऱ्याच्या सुरक्षिततेची चिंता आधुनिक काळातच निर्माण झाली असे म्हणता येत नाही. पूर्वी ती गुरूच्या देखरेखीवर सोपविलेली होती, एवढेच.

मराठीत योगविषयक विवेचनाची परंपरा ज्ञानेश्वरीपर्यंत (शके १२१२, इ.स. १२९०) मागे जाते. तिच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध व कुंडलिनीजागृती यांचे सविस्तर वर्णन आहे. ज्ञानेश्वरांना ही विद्या नाथ संप्रदायातील गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्या परंपरेतून मिळाली. या व्यवस्थेत शिष्याची पात्रता गुरू ठरवीत असे आणि शिकविण्याची अनुज्ञाही तोच देत असे. लेखी परीक्षा, अभ्यासक्रमाचे तास आणि प्रमाणपत्र या गोष्टी विसाव्या शतकात आल्या.

महाराष्ट्रातील आधुनिक योगाचा उदय

आधुनिक योगशिक्षणाच्या दोन आद्य संस्था एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी स्थापन केल्या. नर्मदातीरावरील मालसर येथील परमहंस माधवदास हे ते गुरू होत. त्यांचे शिष्य मणिभाई हरिभाई देसाई, अर्थात श्रीयोगेंद्र (१८९७–१९८९), यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईतील वर्सोवा येथे दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. पुढे ही संस्था सांताक्रूझ येथे स्थिरावली. संन्याशांपुरता मर्यादित मानला गेलेला योग गृहस्थांना झेपेल अशा रीतीने मांडणे हे श्रीयोगेंद्रांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी त्यांनी अनेक कृती सोप्या केल्या. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये स्त्रियांसाठी योगविषयक पुस्तक लिहिले.

माधवदासांचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यापूर्वी बडोद्यात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला होता. नौलीच्या वेळी आतड्यांत निर्माण होणाऱ्या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. यौगिक क्रियांचे मोजमाप करणे हाच परंपरेच्या दृष्टीने मोठा बदल होता. शाळा व व्यायामशाळांसाठी त्यांनी ‘यौगिक संघव्यायाम’ ही रचनाही केली. एकाच वेळी अनेकांनी आज्ञेनुसार आसने करावीत, ही कल्पना गुरूने एकेका शिष्याला शिकविण्याच्या प्रथेहून भिन्न होती.

एकाच गुरूच्या या शिष्यांपैकी एकाने योग घरात आणला, तर दुसऱ्याने तो प्रयोगशाळेत आणि शाळेच्या मैदानावर नेला. दोघांचेही बदल पुढे ‘परंपरागत’ म्हणून स्वीकारले गेले.

याच काळात औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा पद्धतशीर प्रसार केला. त्यांच्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार घातले जात. हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांत सूर्यनमस्काराचा आजच्या स्वरूपातील क्रम आढळत नाही. तरीही सध्याच्या बहुतेक योगवर्गांची सुरुवात त्यानेच होते. मूळचा व्यायामप्रकार योगाचा भाग कसा बनला, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

बी.के.एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, म्हैसूरचे गुरू टी. कृष्णमाचार्य यांच्या आज्ञेने पुण्यात आले. डेक्कन जिमखाना येथे काही महिन्यांसाठी शिकविण्यास आलेला हा तरुण पुढे आयुष्यभर पुण्यातच राहिला. त्यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद ‘योगदीपिका’ या नावाने परिचित आहे. जानेवारी १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेचे उद्‌घाटन झाले.

बदलांचे स्वरूप

योगशिक्षकांनी केलेले बदल स्थूलमानाने चार प्रकारचे असतात.

पहिला प्रकार साधनांचा आहे. अय्यंगार यांनी भिंतीतील दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड व घोंगड्या यांचा वापर रूढ केला. सर्वांगासन हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. जमिनीवर सपाट झोपून हे आसन केल्यास मान बरीच वाकते व तिच्यावर भार येतो. खांद्यांखाली घड्या घातलेल्या घोंगड्या ठेवल्यास खांदे उंचावतात, डोके खालच्या पातळीवर राहते आणि मानेचा कोन सौम्य होतो. आसनाचा आकार तोच राहतो, परंतु भार खांद्यांवर जातो. टीकाकारांनी या पद्धतीची ‘फर्निचर योग’ अशी थट्टा केली. समर्थकांच्या मते मात्र आजारी, वृद्ध व ताठर शरीराच्या माणसांना आसने प्रथमच शक्य झाली, ती या साधनांमुळेच.

दुसरा प्रकार क्रम व गती यांचा आहे. आसनात दीर्घकाळ स्थिर राहण्याऐवजी श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात जाणे, किंवा कपालभातीची आवर्तने पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढविणे, ही त्याची उदाहरणे होत.

तिसरा प्रकार वगळण्याचा आहे. वस्त्रधौतीसारख्या शुद्धिक्रिया, यमनियम, मंत्र वा ध्यान यांना फाटा देऊन केवळ आसने शिकविणे, हा बदल शहरी वर्गांत सर्वाधिक आढळतो. त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

चौथा प्रकार मिश्रणाचा आहे. योगात नृत्य, एरोबिक्स, वजनांचा व्यायाम किंवा अन्य पद्धतींची भर घालून नव्या नावाने वर्ग चालविले जातात.

बदलाचे कारणही महत्त्वाचे ठरते. गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी मासिक पाळी, गर्भारपण व प्रसूतीनंतरचा काळ यांचा विचार करून स्त्रियांसाठी आसनांचे स्वतंत्र क्रम सांगितले. पाळीच्या काळात शीर्षासनासारखी विपरीत आसने टाळावीत, असे त्यांचे मार्गदर्शन होते. बदल शिकणाऱ्याच्या गरजेतून आला की वर्गात नावीन्य आणण्यासाठी केला गेला, हा भेद येथे स्पष्ट होतो.

प्रमाणपत्रांचा उदय

कैवल्यधामने १९५० च्या सुमारास योगाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. शिक्षकप्रशिक्षणाला शैक्षणिक चौकट देण्याचा हा भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

अय्यंगार पद्धतीतील प्रमाणीकरणाला गती मिळाली ती लंडनमध्ये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील शिक्षण प्राधिकरणाने प्रौढशिक्षण वर्गांत योगाचा समावेश करण्यास मान्यता दिली. शिक्षक अय्यंगार यांच्या देखरेखीखाली तयार झालेले असावेत आणि अध्यापन शारीरिक शिक्षणापुरते मर्यादित राहावे, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या वर्गांसाठी शिक्षकाची पात्रता सिद्ध होणे आवश्यक होते. त्या प्रशासकीय गरजेतून प्रमाणपत्र आले. पुढे या पद्धतीत अनेक पातळ्यांची परीक्षाव्यवस्था उभी राहिली. अय्यंगार यांचे नाव व चिन्ह वापरण्याची मुभा प्रमाणित शिक्षकांनाच असते आणि त्यांनी या पद्धतीत अन्य पद्धतींची सरमिसळ करू नये, अशी अट असते. ज्या गुरूने स्वतः इतके बदल केले, त्याच्या नावाच्या पद्धतीत पुढील शिक्षकांना बदलास मर्यादा घातली जाते, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. प्रत्येक शिक्षकाने मनास येईल तो बदल केल्यास त्या नावाला अर्थ उरणार नाही, असे यावर उत्तर दिले जाते.

महाराष्ट्रात नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या योगशिक्षक पदविकेमुळे नोकरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांना औपचारिक पात्रता मिळविण्याची सोय झाली. रामटेक येथील कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठातही योगविषयक अभ्यासक्रम आहेत. दुसरीकडे, नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ व ठाण्याचे घंटाळी मित्र मंडळ यांसारख्या संस्थांनी स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या बळावर योगप्रसार केला. अशा संस्थांत शिक्षक हा प्रथम दीर्घकाळचा साधक असतो. वर्गात साहाय्यक म्हणून उभे राहता राहता तो शिकविण्यास तयार होतो.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. त्यानंतर केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने योगव्यावसायिकांच्या स्वेच्छाधिष्ठित प्रमाणीकरणाची योजना २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत सुरू केली. २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळाची स्थापना झाली. या मंडळाच्या अध्यापन शाखेत योग प्रोटोकॉल प्रशिक्षक (२०० तास), योग वेलनेस प्रशिक्षक (४०० तास), योगशिक्षक व मूल्यमापक (८०० तास) आणि योगाचार्य म्हणता येईल अशी सर्वोच्च पातळी (१६०० तास) अशा श्रेणी आहेत. योगचिकित्सेसाठी स्वतंत्र श्रेणी ठेवल्या आहेत. परीक्षेत लेखी व प्रात्यक्षिक असे दोन्ही भाग असतात.

कायदेशीर स्थिती

भारतात योग शिकविण्यासाठी परवाना वा प्रमाणपत्र बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा नाही. योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम, २०२० हा कायदा आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा या पद्धतींना लागू होतो. योग व निसर्गोपचार यांचा त्यात अंतर्भाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राविना आसने शिकविणे हा अपराध ठरत नाही. रोग बरा करण्याचा दावा करणे किंवा रुग्णाला औषध बंद करण्यास सांगणे ही मात्र वेगळी बाब आहे. अशा वेळी शिक्षक अध्यापनाची मर्यादा ओलांडून चिकित्सेच्या क्षेत्रात प्रवेश करतो.

शासकीय वा शैक्षणिक नोकरीत प्रमाणपत्राला व्यावहारिक महत्त्व असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत २०१७ पासून योग हा विषय समाविष्ट आहे.

प्रमाणीकरणाच्या बाजूचे मुद्दे

प्रमाणीकरणाच्या समर्थकांचा मुख्य आधार सुरक्षितता हा आहे. शीर्षासनात डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांना ते वर्ज्य मानले जाते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्यांचे विकार व गर्भारपण या अवस्थांत काही आसने, भस्त्रिका, कपालभाती किंवा दीर्घ कुंभक टाळावे लागतात. ज्या शिक्षकाला मूळ कृतीमागील कारण ठाऊक नाही, त्याला बदलाचे परिणामही ओळखता येत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नव्याने वर्गात येणाऱ्या व्यक्तीला शिक्षकाची पारख करण्याचे अन्य साधन नसते. प्रमाणपत्र तिला निदान किमान पातळीची खात्री देते.

प्रमाणीकरणावरील आक्षेप

विरोधकांचा पहिला आक्षेप इतिहासावर आधारलेला आहे. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या पद्धतींचे प्रवर्तक कोणत्याही शासकीय मंडळाची परीक्षा दिलेले नव्हते. त्यांची पात्रता गुरूची अनुज्ञा, साधना आणि शिष्यांचा अनुभव यांतून सिद्ध झाली. यावर समर्थक असे म्हणतात की त्या व्यक्तींमागे अनेक वर्षांची अखंड साधना होती, आणि अपवादात्मक व्यक्तींच्या उदाहरणावरून सर्वसाधारण नियम ठरविता येत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेच्या मर्यादेविषयी आहे. २०० तासांचा अभ्यासक्रम सुमारे एका महिन्याच्या निवासी वर्गातही पूर्ण होऊ शकतो. तेवढ्या अवधीत आसनांची नावे, कृती व वर्ज्यावर्ज्य शिकता येते, परंतु शिकणाऱ्याच्या श्वासावरून व चेहऱ्यावरून ताण ओळखण्याची नजर येत नाही. परिणामी वीस वर्षे निष्ठेने शिकविणारा साधक अप्रमाणित ठरतो आणि महिनाभर शिकलेला तरुण प्रमाणित शिक्षक होतो.

तिसरा आक्षेप एकसाचीपणाचा आहे. एकच अभ्यासक्रम सर्वत्र लागू झाल्यास निरनिराळ्या गुरुपरंपरांतील भेद पुसले जातील, अशी भीती व्यक्त होते. परंपरेच्या रक्षणासाठी आणलेल्या प्रमाणीकरणामुळे परंपरेचेच वैविध्य कमी होईल, असा या मुद्द्याचा आशय आहे.

चौथा आक्षेप शुल्काचा आहे. प्रशिक्षण, प्रवास व परीक्षा यांचा खर्च विनामूल्य वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्याला परवडत नाही, आणि त्या खर्चातून त्याला उत्पन्नही मिळणार नसते.

ग्रामीण भागातील स्वरूप

वादाची चर्चा बहुधा शहरांना समोर ठेवून होते. ग्रामीण मराठवाड्यात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरे व उंच शिल्पस्तंभ यांसाठी ओळखले जाणारे गाव आहे. अशा गावांपासून लोणावळा, पुणे, मुंबई, नाशिक व नागपूर येथील प्रमुख योगसंस्था शेकडो किलोमीटर दूर आहेत. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, निवृत्त कर्मचारी किंवा एखाद्या शिबिरात शिकून आलेले ग्रामस्थ यांच्यावरच अशा ठिकाणी योगवर्गाची भिस्त असते. शासनाच्या आयुष आरोग्य केंद्रांत अर्धवेळ योगप्रशिक्षक नेमण्याची तरतूद झाल्यापासून प्रमाणपत्र हा गावातील तरुणांच्या उपजीविकेचाही प्रश्न बनला आहे.

येथे बदल हे अनेकदा परिस्थितीने लादलेले असतात. शेतीकामाने गुडघे व कंबर झिजलेल्या व्यक्तीला पद्मासन वा वज्रासन जमत नाही. तिला खाटेच्या कडेवर किंवा खुर्चीवर बसून श्वसन शिकवावे लागते. असा बदल ग्रंथात नाही, परंतु स्थिर व सुखद बैठकीच्या मूळ अपेक्षेशी तो विसंगतही नाही. याउलट, दूरचित्रवाणीवर पाहिलेली वेगवान कपालभाती रक्तदाबाच्या रुग्णांसह सर्वांकडून सारखीच करवून घेणे हा बदल दिसण्यात किरकोळ असला तरी धोक्याचा ठरू शकतो. दोन्ही शिक्षक अप्रमाणित असले तरी दोन्ही बदल समान नाहीत.

भारताबाहेरील अनुभव

अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या योग अलायन्स या संस्थेने २०० तासांच्या प्रशिक्षणाचा निकष रूढ केला. ही नोंदणी ऐच्छिक आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शिक्षण विभागाने योगशिक्षक घडविणाऱ्या संस्थांना व्यावसायिक शाळांचे परवाने घेण्यास सांगितले. शिक्षकांनी संघटित विरोध केल्यानंतर या संस्थांना त्या बंधनातून वगळण्यात आले.

पद्धतीच्या मालकीचा प्रश्न बिक्रम चौधरी यांच्या प्रकरणात पुढे आला. २६ आसने व २ श्वसनक्रिया यांचा आपला क्रम इतरांनी शिकवू नये, अशी त्यांची मागणी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने असा क्रम ही एक कल्पना वा पद्धती असून तिला लेखाधिकाराचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय दिला. भारताने पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयात आसनांची नोंद केली आहे. तिचा हेतू या ज्ञानावर परक्यांनी खासगी हक्क सांगू नये, हा आहे. योगाची कृती कोणाच्याही मालकीची नसली, तरी विशिष्ट नाव वा चिन्ह मात्र संरक्षित असू शकते, हा भेद यातून स्पष्ट झाला.

सुचविलेले उपाय

या वादात टोकाच्या भूमिकांखेरीज काही मधले मार्गही सुचविले जातात. अध्यापन व चिकित्सा यांत भेद करून रुग्णांना शिकविणाऱ्यांसाठी कठोर पात्रता ठेवावी आणि निरोगी व्यक्तींच्या सामान्य वर्गांना मोकळीक द्यावी, हा त्यांपैकी एक होय. दीर्घकाळ शिकविणाऱ्या साधकांचे पूर्वज्ञान प्रात्यक्षिक परीक्षेद्वारे मान्य करावे, त्यांना आरंभापासूनचा अभ्यासक्रम पूर्ण करावयास लावू नये, असाही विचार मांडला जातो. शिक्षकाने आपण कोणाकडून शिकलो, मूळ कृती कोणती आणि आपण कोणता बदल कशासाठी केला आहे, हे वर्गात सांगावे, ही अपेक्षा मात्र दोन्ही पक्षांना मान्य होण्याजोगी आहे. तिच्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही, आणि प्रमाणपत्र असले तरी ती आपोआप पूर्ण होत नाही.

वर्गात प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने काही व्यावहारिक कसोट्या सांगितल्या जातात. शिक्षक आरंभी आजारांची व शस्त्रक्रियांची चौकशी करतो काय, वेदना होताच कृती थांबवावयास सांगतो काय, प्रत्येकाला एकच कृती एकाच प्रमाणात करावयास लावतो काय आणि वैद्यकीय उपचार सोडण्याचा सल्ला देतो काय, या प्रश्नांच्या उत्तरांवरून भिंतीवरील प्रमाणपत्राइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, माहिती मिळते.